आर्वेदचा नववा चेहरा

आर्वेद तीन महिन्यांचा होता तेव्हा केसलिंगबाईंनी आम्हा मायलेकांचं चित्र काढायला घेतलं. आता तो दहा महिन्यांचा झाला होता. बाई सांगत त्यावरून, चित्रात माझा निळा स्वेटर होता, त्यांचा स्टुडिओ असलेल्या जुन्या सूतगिरणीची उंच खिडकी होती, मांडीवर झोपलेलं बाळ होतं. त्याच्या मुठी, पाय, जावळ, सगळं जिथल्या तिथे. चेहरा तेवढा नव्हता.

बाईंची रीतच तशी. चेहरा एका बैठकीत, रंग ओला असतानाच पुरा व्हायला हवा. संध्याकाळपर्यंत मनासारखा उतरला नाही, तर पात्याने खरवडून टाकायचा. फोटोवरून काढा म्हटलं की त्या नाक मुरडत, "फोटोत कोणी श्वास घेतं का गं?" आठ बैठका झाल्या, आठ चेहरे गेले. चित्राच्या रंगवलेल्या बाजूला जायचं नाही आणि चित्राबद्दल बोलायचं नाही, हा चित्रासाठी बसणाऱ्यांचा नियम. मी पाळत होते. पण घरी गेल्यावर आर्वेदचे तीन महिन्यांचे गाल आठवू पाहायचे आणि आठवायचे नाहीत. माझी सगळी आशा त्या कॅनव्हासवर होती.

नववी बैठक शेवटची. सोमवारपासून मी कामावर आणि तो पाळणाघरात.

"झोपला नाही का अजून?" बाईंनी ब्रश पुसत विचारलं.

"दात येतोय, केसलिंगबाई."

"त्याला म्हणावं, सहा वाजेपर्यंत दम धर."

"तुम्हीच सांगा. माझं कुठे ऐकतो!"

"माझं तर रंगसुद्धा ऐकत नाहीत."

दोनच्या सुमाराला तो झोपला. बाई पुढे येत, मागे जात, जमिनीच्या फळ्या करकरत. त्रेसष्ट वर्षांच्या त्या बाई चार तास खाली बसल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "रीके, श्वास घे. मढं नकोय मला."

सहा वाजता फळ्या करकरायच्या थांबल्या. मग त्यांनी पातं उचललं.

"नाही जमलं. तीन महिन्यांचा नाही, दहाचाही नाही. कुणाचाच नाही हा."

मी त्याला उचलून घेतलं आणि सरळ त्या बाजूला गेले.

काय सांगू! आधी मला चेहरा दिसलाच नाही, नुसता उजेड दिसला, पापण्यांवर टेकलेला. मग हळूहळू तो दिसायला लागला. खरवडून उरलेले आठही रंग नव्या रंगाखालून वर आले होते. बाईंनी न पाहिलेली जन्माच्या दिवसाची सूज होती, तिसऱ्या महिन्यातले फुगीर गाल होते, आजच्या दुखऱ्या हिरडीची लाली होती. आणि हनुवटीपाशी कुणीतरी हट्टी, मोठा माणूस होता. त्याला मी अजून भेटले नव्हते. एवढं सगळं माझ्या मांडीवर निजत होतं, आणि मी डायपर पुरतील का बघत होते.

"पातं खाली ठेवा," मी म्हटलं.

"बसणाऱ्याने बोलायचं नसतं."

"मग आई म्हणून बोलते. तो आर्वेद आहे. आजवरचा सगळा, आणि पुढचाही थोडा."

"उद्या म्हणशील, नाक चुकलं."

"नाक चुकलंच आहे. राहू दे."

त्या हसल्या नाहीत. एकदा त्याच्याकडे, एकदा चित्राकडे, असं कितीतरी वेळ बघत राहिल्या. पात्याला रंग लागलाच नव्हता, तरी फडक्याने दोनदा पुसलं आणि खणात ठेवलं. मग एप्रनला हात पुसून पुढे केले.

"आण इकडे. तुझा हात अवघडला असेल."

सात महिन्यांत त्यांनी त्याला कधी घेतलं नव्हतं. झोपेतच तो त्यांच्या खांद्यावर ओघळला, आणि बाई जागच्या जागी थिजल्या.

"अगं बाई," त्या कुजबुजल्या, "केवढा जड आहे हा!"