निळ्या साडीतला पाठ

सृष्टी लांजेवार साकोलीहून पुण्यात बी.एड. करायला आली, तेव्हा इंग्रजी जड जाईल अशी तिला धास्ती होती. इंग्रजीचं निभावलं. जड गेली ती साडी.

सराव पाठाला शाळेत जाताना सगळ्या छात्राध्यापिकांनी एकसारखी साडी नेसायची, असा कॉलेजचा नियम होता. गडद निळी, पांढऱ्या काठाची, पॉलिएस्टरची. अंगावर ठरत नसे आणि उकाड्यात पाठीला चिकटून बसे. शनिवार पेठेतल्या ज्या शाळेत त्यांची तुकडी पाठवली होती, तिथल्या मुलांनी या साडीवरून त्यांचं बारसंच केलं होतं. 'निळ्या'. निळ्या आल्या म्हणजे त्या तासाला मार्क नाहीत, वहीवर सही नाही, घरी चिठ्ठी नाही. डबा उघडला तरी कोणी काही बोलत नाही.

मुलांचं सोडा, मोठ्यांचंही तेच होतं. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी निळ्यांनी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. सभागृहातल्या सतरंज्या उचलायच्या असल्या की कार्यालयातून हाक येई, "निळ्यांपैकी दोघी या हो." नावं कोणाला ठाऊक नव्हती.

सहावी ब वर सृष्टीचा पहिला पाठ कोनांवर झाला. झाला म्हणजे तास संपला, एवढंच. केयूर नावाचा एक मुलगा मागच्या बाकावरून तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढत राहिला आणि हळूहळू अर्धा वर्ग त्याला साथ द्यायला लागला. दुसऱ्या बाकावर स्वराली नावाची मुलगी मैत्रिणीची वेणी घालत बसली होती. सृष्टीने तिला उभं केलं, तर तिने अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुमचा पाठ आहे ना? मग तुम्ही बोला ना. आमचं काही नाही."

पुढचा पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी स्वारगेटला बसमधून उतरताना दारातल्या निघालेल्या पत्र्यात साडी अडकली आणि गुडघ्यापासून खालपर्यंत फाटली. रफूवाल्याने परवाचा वायदा केला. कर्वेनगरच्या खोलीत सृष्टीबरोबर अस्मिता राहायची, हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीला. सकाळी तिने कपाट उघडलं आणि आपल्या आईची सुती साडी काढून दिली. हिरवट रंगाची, बारीक मरून काठांची.

"मॅडमना सांग ना फाटली म्हणून. इट्स ओके. कोणी मारणार नाहीये तुला," अस्मिता म्हणाली.

शाळेच्या फाटकात शिपायाने तिला नमस्कार केला. जिन्यात मुख्याध्यापक श्यामसुंदर देवस्थळी भेटले. रोज ते निळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत जात. आज थांबले आणि म्हणाले, "या, आपण बसा ना आत. पंखा आहे." ती शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसली. कोणीतरी तिच्यापुढे चहा ठेवला. आपण निळ्यांपैकीच आहोत हे सांगावं असं तिच्या मनात दोनदा आलं. चहा गरम होता, तिने तो आधी प्यायला.

सहावी ब तिला पाहून उभी राहिली. गेल्या खेपेला कोणी उभं राहिलं नव्हतं.

"नवीन टीचर का?" कोणीतरी कुजबुजलं.

सृष्टीने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. केयूर तिच्याकडेच बघत होता, स्वरालीही. ओळख कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. पंधरवड्यापूर्वी अख्खा तास ती याच फळ्यापुढे उभी होती, घसा बसेपर्यंत बोलली होती.

"मॅडम, तुम्ही आता आम्हालाच आहात का?" स्वरालीने विचारलं.

"सध्या तरी तुमच्याच वर्गावर आहे," सृष्टी म्हणाली. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

तिने फळ्यावर एक पोळी काढली आणि निम्मी पुसून टाकली. "अर्धी पोळी उरलीय. पाव पोळीएवढे तुकडे किती पडतील?"

"दोन."

"म्हणजे अर्धा भागिले पाव बरोबर दोन."

केयूरने हात वर केला. "पण मॅडम, भागाकार केला की उत्तर लहान यायला पाहिजे. अर्ध्याचे दोन कसे होतील?"

"कोण सांगतंय याला?"

सृष्टीने घाई केली नाही, खडू तेवढा वर्गापुढे धरला. मग स्वराली जागची उठून थेट फळ्यापाशीच आली. "आपण पोळी मोठी नाही केली. तुकडे मोजतोय फक्त. तुकडा जेवढा लहान, तेवढे जास्त पडणार." बोलता बोलता ती थांबली. "मॅडम, म्हणून खालचं वर जातं? पावचे तुकडे एका पोळीत चार असतात, म्हणून चारने गुणायचं?"

"म्हणून," सृष्टी म्हणाली.

वर्गात एकदम कालवा झाला. प्रत्येकाला आपापली पोळी कापायची होती. केयूर तर शेजारच्याला पटवून देताना बाकावर गुडघे टेकून बसला होता. सृष्टीला आठवत होतं तेव्हापासून तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि आपण ती आहोत असं तिला पहिल्यांदा वाटलं.

मागच्या दाराशी उल्काबाई उभ्या होत्या. शाळेतल्या गणिताच्या ज्येष्ठ शिक्षिका. सराव पाठांना शेरा त्याच देत. त्या शेवटपर्यंत थांबल्या आणि घंटा झाल्यावर सृष्टीला घेऊन व्हरांड्यात आल्या.

"कोणाचं लग्न होतं?"

"नाही मॅडम, काल बसमध्ये साडी फाटली. रफूला टाकलीय."

"सुईदोरा पुण्यात मिळतो. तुमच्याकडेही मिळत असेल."

"मॅडम, पाठ कसा झाला?"

"पाठ चांगला झाला," उल्काबाई म्हणाल्या. "तोच तर त्रास आहे. उद्या सगळ्याजणी मनाला येईल ते नेसून येतील आणि मुलांना कळायचं नाही की शिक्षक कोण आणि शिकाऊ कोण. हा पाठ मी धरत नाही. शुक्रवारी याच वर्गावर हाच पाठ पुन्हा घ्या. नीट वेशात."

"त्यांना तो समजलाय, मॅडम."

"मग तुम्हाला सोपंच जाईल."

शुक्रवारी रफू केलेली निळी साडी नेसून सृष्टी वर्गात गेली. उल्काबाई आधीच मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मुलांनो, या आपल्या छात्राध्यापिका," त्यांनी सांगितलं. "मागचा पाठ नियमात बसला नाही, म्हणून पुन्हा होतोय. शांत बसायचं."

केयूरने आधी साडीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं. "ए, ही निळी आहे."

सृष्टीने पोळी काढली. प्रश्न विचारला. उल्काबाई मागे होत्या म्हणून कोणी आवाज केला नाही, पण कोणी हातही वर केला नाही. शेवटी तिने स्वरालीला उभं केलं.

"भागाकार करताना खालचं वर का नेतो आपण?"

"तसा नियम आहे म्हणून," स्वराली म्हणाली आणि बसली.

तास संपल्यावर सृष्टीने तिला दाराशी गाठलं. "तुला उत्तर येत होतं, स्वराली. त्या दिवशी तूच सांगितलंस सगळ्यांना."

"तुम्ही आमच्या टीचर आहात म्हणाला होतात."

"मी तेव्हाही हीच होते गं. हेच शिकवलं होतं."

"हो, पण सांगायचं ना आधी," स्वराली म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "मी घरी आईला सांगितलं की नवीन टीचर खूप भारी आहेत. मला माहीत असतं तर मी ऐकलंच नसतं."

ती गेली. सृष्टीला तिच्या मागे जाता आलं नाही, कारण उल्काबाई शेरा लिहून थांबल्या होत्या. 'वेश योग्य. वर्गनियंत्रण उत्तम. विद्यार्थी शांत.' इतका चांगला शेरा त्या तुकडीत दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. सृष्टीने खाली सही केली.

दुपारी साकोलीहून वडिलांचा फोन आला. महिपती लांजेवार एसटीत कंडक्टर होते आणि लेकीच्या पाठांची खबर त्यांना स्टँडवरच्या सगळ्यांना द्यायची असे.

"मग, झाला का पाठ?"

"झाला, बाबा. शेरा चांगला आहे."

"असं न! एक फोटो पाठव बरं, त्या साडीतला. तुही आजी रोज विचारून राह्यली, नात मास्तरीण झाली म्हणते तर दाखव म्हणते."

तिने एका मैत्रिणीच्या हातात फोन दिला आणि शाळेच्या पाटीखाली उभी राहिली. मैत्रीण "हस ना जरा" म्हणाली, तेव्हा हसली.

कर्वेनगरला पोचेपर्यंत घरच्या ग्रुपवर तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता. काकांनी लिहिलं होतं, 'शोभून दिसते.' आत्याने लिहिलं होतं, 'बघूनच कळते मॅडम आहे म्हणून.' आजीला लिहिता येत नव्हतं. तिने आवाज पाठवला होता, म्हातारा, दम लागलेला : "साडीनं कसा रुबाब आला माय लेकीले. आता पोरं कशी चुप बसत असतील."

सृष्टीने तो पूर्ण ऐकला. सगळ्यांना हात जोडल्याची खूण पाठवली, साडी सोडली आणि बादलीत भिजत टाकली.