वरच्या वस्तीचं पाणी

आमच्या नगरपालिकेचं दिवाळं निघालं त्याला सात वर्षं झाली. खाण बंद पडल्यावर गाव सावरावं म्हणून कर्ज काढून बर्फावरच्या खेळांचं मैदान बांधलं, हॉटेल बांधलं, आणि पाहुणे काही आले नाहीत. मग कचेरीतली निम्मी माणसं सोडून गेली. उरलेल्यांचे पगार कापले. पाणी खात्यात एकटा कानबारा राहिला. त्याची बायको मुलीला घेऊन साप्पोरो शहरात गेली, तरी हा इथेच.

दिवाळं निघाल्यावर पाचव्या वर्षी थंडीच्या तोंडावर हुकूम आला, वरच्या वस्तीची जलवाहिनी बंद करा. चार किलोमीटरचा पाइप आणि टोकाला एकच घर. तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या फुकीआजी एकट्या राहायच्या. त्यांचा नवरा खाणीत होता. खाली गावात, नगरपालिकेच्या राहत्या घरांच्या इमारतीत त्यांच्यासाठी खोली तयार होती. आजींना पटवायचं काम कानबाराकडे आलं.

पहिल्यांदा आजींनी त्याला चहा आणि मुळ्याचं लोणचं दिलं, वर नकार दिला. दुसऱ्यांदा नुसता चहा. तिसऱ्यांदा तो मला सोबत घेऊन गेला; मी कचेरीत हिशेब बघायचे.

"परत आलास? तुझा बापही असाच चिकट होता," आजी म्हणाल्या.

"आजी, पाइप गोठला तर मी एकटा काय करणार?"

"कर्ज तुम्ही केलंत. पाणी माझं का तोडता?"

ते कर्ज काढलं तेव्हा कानबारा शाळेत जात होता. तरी "चुकलं आमचं," म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

आजी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा ओढ्यावरून पाणी आणायचो. बर्फात घसरून पडले, पहिलं मूल पोटातच गेलं. पुढच्या वर्षी नळ आला. बंदच करायचा असेल तर मी करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

बाहेरच्या माणसानं पाइपच्या झडपेला हात लावणं नियमात बसत नाही. कानबारानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ठरलेल्या दिवशी सामान गाडीत चढलं. झडप रस्त्याकडेच्या खड्ड्यात होती. कानबारानं लांब दांड्याची चावी तिच्यावर बसवून दिली. आजींनी जोर लावला. गंजलेली झडप हलेना. तो पुढे झाला तर त्यांनी डोळे वटारले. शेवटी दमून म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? धर."

मी घरात नळ सोडून उभी होते. धार बारीक होत गेली, मग थेंब, मग तेही नाही.

"थांबलं," मी ओरडून सांगितलं.

बाहेर आले तर कानबारा रडत होता. आजी त्याला म्हणत होत्या, "पुरे आता. कोट घाल, सर्दी होईल."

खाली आल्यावर दोन महिने आजी कुणाशी बोलल्या नाहीत. मग शेजारणीच्या टीव्हीच्या आवाजावरून भांडण झालं आणि त्यातूनच दोघींचं जमलं. आता संध्याकाळचं जेवण एकत्र असतं.

पुढल्या वर्षी कानबाराला साप्पोरोत नोकरी मिळत होती. त्याचा पाय निघेना. आजींनी कचेरीत येऊन सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "पोरगी मोठी होतेय तुझी. जा."

एप्रिलमध्ये तो गेला. आजी निरोपाला आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात जायचं होतं, आणि बस दिवसाला दोनच.