राहून गेलेलं दृढीकरण

आईने झग्याच्या कडेचा दोरा दाताने तोडला आणि सुई डबीत टाकली.

"हलू नकोस. एक सांगायचंय."

लेक हलते कशाला. तीन महिन्यांपूर्वी ती बिशप झाली होती, अख्ख्या धर्मप्रांतातली देवळं आणि पाळक तिच्या हाताखाली. पण आईपुढे उभी राहिली की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक. भिंतीवर आधीच्या तेरा बिशपांच्या तसबिरी होत्या, सगळे दाढीवाले. पलीकडे देवळात बारा मुलं दृढीकरणासाठी बसली होती. आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा आणि बिशपने डोक्यावर हात ठेवायचा. पाळक कितीही मुरलेला असो, हे काम त्याचं नव्हे.

"माझं दृढीकरण झालेलंच नाही," आई म्हणाली.

"काहीतरीच काय बोलतेस."

"तेव्हा बिशप पाच-सहा वर्षांतून एकदा फिरकायचे. ते आले तेव्हा मला गोवर. पुढच्या खेपेला तू पोटात. मग कोणी विचारलं नाही, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस घ्यायचा नाही, हा तेव्हाचा नियम. पन्नास वर्षं घेतेय, आणि दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं. मरायच्या आधी एवढं उरकून टाक. इथेच, दार लावून."

बिशपला आधी हसू आलं. मग तिने दाराच्या कडीकडे हात नेलासुद्धा.

"दार लावून नाही, आई. हे मंडळीसमोर करायचं असतं."

"अगं, बिशपच्या आईचंच राहिलंय म्हणून तुझी छी-थू होईल. त्या पहिल्या बाकावरच्या बायांना तेवढंच हवंय."

"होऊ दे. मुलांच्या मागे उभी राहा."

"बापावर गेलीस अगदी," आई म्हणाली आणि आरशात बघून केस सारखे करू लागली.

रांगेच्या शेवटी तिला पाहून पहिल्या बाकावर कोपराने ढोसाढोशी झाली. बिशपने तिकडे पाहिलंही नाही. एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, आधी त्याचं नाव घेऊन, ती प्रार्थना म्हणत गेली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचत होता.

मग आई समोर गुडघ्यांवर आली, डोळे घट्ट मिटून. बिशपने पांढऱ्या केसांवर हात ठेवला, तोंड उघडलं, पण नाव ओठांवरच अडलं. या बाईला तिने जन्मात 'आई'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. बाबा गेल्यावर तर तिला नावाने कोणीच हाक मारली नव्हती. लोकांची ती शिवणवाली मावशी, नाहीतर बिशपची आई.

आईने एक डोळा किलकिला केला.

"घे," ती पुटपुटली. "रागावणार नाही मी."

बिशपने तिचं नाव घेतलं.

इथे उत्तर द्यायचं नसतं. पण आईने ओ दिली.