मगरीचे दात लागलेली दुर्बीण

मित्रांनो, एका डोळ्याने अधू झालेली जुनी दुर्बीण आहे मी. होडीघराच्या भिंतीवर खिळ्याला लटकते, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

कारखान्यात माझी भिंगं बसवणारी बाई मला पुसत म्हणाली होती, "लांबचं अगदी लख्ख दाखवतेस हं." तेव्हापासून मला त्याचा भारी तोरा. पुढे मगरींचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंच्या गळ्यात मी येऊन पडले.

रोज सकाळी नावाडीकाका आम्हांला नदीतल्या एका सपाट खडकावर सोडायचे. समोरच्या काठावर मगरीने वाळूत अंडी पुरली होती. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, मग आई वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ते ताईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी चाळीस दिवस त्या त्याच खडकावर, त्याच कडेला बसल्या. आ वासून ऊन खाणारी मगर मी त्यांना दात मोजता येतील इतकी जवळ दाखवली. मग ती पाण्यात शिरायची. "सात वाजून दहा, पाण्यात गेली," असं ताई वहीत लिहायच्या आणि खाली वाकून पाण्यात तापमापक बुडवायच्या.

ती कुठे जाते ते मला ठाऊक होतं. ताई लिहायला वाकल्या की मी लोंबकळायचे आणि माझी भिंगं खडकाखालच्या पाण्याकडे वळायची. जवळचं मला धूसर दिसतं. तरी पाण्यावर तिच्या डोळ्यांचे दोन उंचवटे दिसायचे, आणि ते रोज हातभर अलीकडे यायचे. मला तोंड असतं तर मी ओरडून गाव गोळा केलं असतं.

काका म्हणाले, "ताई, जागा बदला. मी होडीसुद्धा दोन दिवस एका जागी बांधत नाही. तुम्ही तिच्या सवयी लिहिताय, ती तुमच्या पाठ करतेय."

"काका, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. आता जागा बदलली तर आधीच्या नोंदींशी मेळ बसायचा नाही."

"बरं, निदान दुर्बिणीचा पट्टा तरी बदला. पार विरलाय."

ताईंनी पट्ट्याला एक गाठ मारली.

एक्केचाळिसाव्या सकाळी त्या तापमापक घेऊन वाकल्या आणि गाठीपाशीच पट्टा तुटला. त्यांच्या हाताआधी मी पाण्यावर आदळले. पाणी फुटलं आणि जबडा माझ्यावर मिटला. अजून मागेच उभ्या असलेल्या काकांनी ताईंना मानेमागून सदऱ्याला धरून फरफटत मागे ओढलं. मगरीने मला चावून पाहिलं आणि उथळ पाण्यात टाकून दिलं.

चार दिवसांनी ताईंनी उंच दरडीवरून पिल्लं पाहिली. तोच जबडा त्यांना अलगद नेत होता म्हणे. ते बघणं माझ्या नशिबी नव्हतं.

आता कुणी शिकायला आलं की ताई माझ्यावरच्या दातांच्या खुणांवरून त्याला बोट फिरवायला लावतात. लोक हळहळतात आणि मला परत टांगतात. पण तो पट्टा वेळेवर बदलला असता तर? मी पडले नसते आणि जबडा ताईंच्या मनगटावर मिटला असता. हा विचार मला खिळ्यावर गप्प राहू देत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं आम्हां जुन्या वस्तूंनी सांगायचं असतं. मीही सांगते. पण दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधी आपल्या पायाजवळचं पाणी नुसत्या डोळ्यांनी बघून घ्या. तिथलं मला दिसलं, तरी सांगता येत नाही.