उत्तरेची बाजू

“पाहुण्यांची खोली सोडून न्हाणीघर गरम करणार?” गोनपेई काकांनी माझ्या सासूबाईंकडे बघत चहाचा पेला खाली ठेवला. “वहिनी, लोक काय म्हणतील?”

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे गेल्यापासून घराण्याची अब्रू सांभाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अंगणात सुतार ताटकळत उभा होता. आधी कुठल्या बाजूच्या जमिनीच्या फळ्या उचलायच्या, एवढंच त्याला हवं होतं, कारण उत्तर जपानातल्या या यामागाताच्या डोंगरात बर्फ पडायच्या आत अर्धंच घर ऊबदार करून होईल, हे त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्याकडची जुनी घरं एकाच साच्यातली. दक्षिणेला उन्हाची, ऐसपैस, सुरेख खोली. तिथे पूर्वजांचा देव्हारा आणि सणावारी येणारे पाहुणे. उत्तरेला स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि घरची बाई. माझ्या सासूबाई, फुकुए त्यांचं नाव, लग्न होऊन आल्या त्या या उत्तरेच्या बाजूलाच राहिल्या. तिथे हिवाळ्यात भाजी गोठू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवावी लागते. मी लग्नानंतर हे माहेरी सांगितलं तर सगळे हसले होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी सासरे न्हाणीघराबाहेर, कपडे बदलायच्या जागेत कोसळले. कढत पाण्यातून एकदम गारठ्यात आलं की म्हाताऱ्या माणसाचं हृदय दगा देतं. गावात दर हिवाळ्याला असं एखादं माणूस जातंच, आणि लोक ‘वय झालं होतं’ असं म्हणून गप्प बसतात. माझा नवरा ताकुमा मात्र गप्प बसला नाही. आईने सेंदाई शहरात आमच्याकडे यावं म्हणून तो हात धुऊन मागे लागला. त्या ऐकेनात, तेव्हा त्याने घराची तपासणी करवली. ऊब धरून ठेवण्यात घराला सातपैकी पहिली, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी मिळाली. मग त्याने अट घातली, की जानेवारीपर्यंत घर चौथ्या श्रेणीत आलं तर आईने इथे राहावं, नाहीतर सामान बांधावं. माझा नवरा गणिताचा शिक्षक आहे, त्याला मायासुद्धा आकड्यांतच करता येते.

आकड्यांच्या हिशेबानेही दक्षिणच सोयीची होती. मोठ्या काचा सगळ्या तिथे. त्यांना आतून दुसऱ्या खिडक्या बसवल्या तर चौथी श्रेणी गाठता येईल, असं सुतार म्हणत होता. उत्तरेचं काही खरं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सासूबाई हे सगळं ऐकत वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत बसल्या होत्या.

“दादाला थंडीत बसवणार तुम्ही?” काकांनी देव्हाऱ्याकडे हात केला.

“गेलेल्यांना थंडी वाजत नाही, भावजी,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाजते.”

काका टोपी घालून निघून गेले. नव्या वर्षाला या घरात पाऊल ठेवणार नाही, असं जाता जाता बजावलं. अट सासूबाईंच्याच मानेवर होती आणि तरी त्यांनी उत्तरेची बाजू निवडली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सुताराने उत्तरेच्या फळ्या उचलून खाली थंडी अडवणाऱ्या काचेच्या लोकरीच्या जाड गाद्या अंथरल्या, माळ्यावरही अंथरल्या. आत दुसऱ्या खिडक्या आल्या. फटी शोधायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून त्या भिंतीकडेने फिरायच्या, आणि धूर जिथे वाकडा होईल तिथे बोट ठेवायच्या. काकांना आम्ही कळवलं की दादांचीही कामाला मदत होते आहे.

जानेवारीत फेरतपासणी झाली. अख्ख्या घराची मिळून दुसरी श्रेणी.

ताकुमा गाडीत रिकामी खोकी घेऊनच आला होता. ती त्याने स्वयंपाकघरात आणून ठेवली. दुसरी म्हणजे दुसरी, तो म्हणाला, आणि कारणं सांगायला लागला. सासूबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

“मी अख्ख्या घरात राहते कुठे? जा, आधी आंघोळ करून ये. पाणी तापलंय.”

तो गेला. बराच वेळ झाला तरी येईना, तेव्हा मी उठून गेले. मी दार सरकवलं. वडील जिथे पडले होते तिथेच तो नुसत्या पंचावर फळीवर हात टेकून बसला होता. डोळे लाल झाले होते.

“इथे गार नाही गं,” तो म्हणाला. “बाबा वाचले असते.”

मी त्याच्या शेजारी टेकले. खरंच, पायाला गारठा लागत नव्हता.

कपडे घालून तो बाहेर आला आणि खोकी पुन्हा गाडीत ठेवून आला. केसांवर बर्फ घेऊन परत आला तेव्हा सासूबाई आंघोळीला निघाल्या होत्या. त्यांचा नंबर नेहमी शेवटचा. आम्ही दोघं चहा घेत बसलो. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग थांबला. एरवी यानंतर लगेच आत पळापळ ऐकू यायची. ओल्या अंगावर घाईघाईने कपडे ओढत, दात वाजवत त्या बाहेर येत, आणि सगळी बटणं चुलीपाशी लावत.

चहा संपला, तरी आतून काही आवाज नव्हता. ताकुमा उठायला लागला.

“आई, ठीक आहेस ना?”

“आहे रे,” आतून उत्तर आलं. “केस विंचरतेय.”

तो खाली बसला. त्यांनी सावकाश केस विंचरले, आणि आम्ही थांबलो.