खालचे ठोके

पानाताईच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. आयुष्यभर नौदलाच्या जहाजांवर फिटर म्हणून राबून ती निवृत्त झाली, धाकट्या भावाकडे राहायला आली आणि आल्या आठवड्यातच तिने घरातल्या सगळ्या कड्या उतरवल्या. तेव्हापासून न्हाणीघरात शिरणाऱ्याने गाणं म्हणायचं, असा नियम झाला. भावाचा आवाज फाटका, तरी बिचारा रोज गायचा. "आमच्याकडे साबण नसला तरी चालतो, गळा लागतो," असं वहिनी शेजारणींना सांगायची.

पण कौतुकालाही अंत असतो. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हटल्यावर वहिनीने सुताराला बोलावलं.

"वन्सं, व्याह्यांना काय गायला लावू? एक तरी कडी बसू द्या."

सुतार न्हाणीघराच्या दाराला कडी बसवत होता, तेव्हा पानाताई आपली बॅग भरत होती. कडीच्या घरात तिला राहवलं नसतं, आणि दुसरं घर तर तिला नव्हतं.

नोकरीत असताना एकदा तिच्या जहाजाच्या तळाशी आग लागली, मागोमाग पाणी शिरलं. जहाज वाचवायचं तर मधलं पोलादी झाकण लावणं भाग होतं. हुकूम आला आणि तिने ते लावलं, बोल्ट स्वतःच्या हाताने आवळले. खाली अजून माणसं होती. जहाजावरची रीत अशी, की बंद जागेतून कुणी ठोकलं तर वरच्याने तितकेच ठोके परत द्यायचे. ऐकणारं कुणीतरी आहे, एवढं आतल्याला कळतं. खालून ठोके आले. दोन घाईचे, तिसरा सावकाश. असं तो वायरमनच ठोकायचा, तिला 'पाना' हे नाव ठेवणारा. उत्तर दिलं तर त्याला वाटेल, झाकण उघडतंय, म्हणून तिने दिलं नाही. पुढे पदक मिळालं. ठोके मात्र थांबले नाहीत. ती जिथे राहिली, तिथल्या जमिनीखालून ते येत राहिले.

सुतार गेला. वहिनी ऐटीत न्हाणीघरात शिरली, नळ सोडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न गाता अंघोळ केली. मग कडी काढायला गेली, तर ती निघेना. मोरीच्या तोंडाशी सुताराचा भुसा अडकलेला. पाणी तुंबून दाराखालून बाहेर आलं आणि वहिनी दार बडवू लागली.

पानाताई बॅग घेऊन निघालीच होती. पाणी तळपायाला लागलं आणि तिने बॅग खाली ठेवली.

"वन्सं! अहो, आहात ना?"

तिने बॅगेतला पाना काढला आणि आतून आले होते तितकेच ठोके दारावर दिले.

"ठोकताय काय, उघडा!" वहिनी ओरडली. पण आवाजातली भीती गेली होती.

बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. पानाताईने त्यांच्या खिट्ट्या ठोकून काढल्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं. वहिनी कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "मेलेच होते हो भीतीने. तुम्ही ठोकलंत आणि जिवात जीव आला. मग म्हटलं, उघडायला लागू दे कितीही वेळ."

पानाताई ओल्या फरशीवर मटकन बसली. "एवढंही दिलं नाही गं मी त्याला," ती म्हणाली. आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं तिने वहिनीला सांगितलं, रडत रडत, नाक पदराला पुसत.

सांगून होतं न होतं तोच ती दचकली.

"काय झालं?"

"ठोकतोय. खालून."

वहिनीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने वेड्यात काढलं नाही. शेजारी बसली, पाना धरलेल्या नणंदेच्या हातावर आपला हात ठेवला.

"किती?"

"तीन."

दोघींनी मिळून फरशीवर ठोकलं. दोन घाईचे, तिसरा सावकाश.

"थांबला?" वहिनीने हळूच विचारलं.

"नाही," पानाताई म्हणाली. "पुन्हा विचारतोय." आणि तिने पाना उचलला.