दिवा कुठे ठेवायचा

"तिथं न्हवं रं बिरदेवा, तिथं गेलीच न्हाई ती!" आबांनी पुन्हा सांगितलं आणि माझ्या भावाने पुन्हा ऐकलं नाही.

आईला आणून घरात मधोमध ठेवलं होतं, म्हणून भावकीने पिठावरचा दिवाही तिथेच लावला. पण आई गेली अंगणापलीकडे, मेंढरांच्या जाळीपाशी, कोकराला बाटलीने दूध पाजताना. दिवा भलत्या जागी असला तर आईचा, त्यांच्या अनसाबाईचा, जीव अंधारात चाचपडत राहील, ही आबांची धास्ती. कालपासून त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता.

"भाईर सोसाट्याचं वारं हाय, आबा. इझला तर लोकं काय म्हंतील?"

"लोकांची बायकू गेली व्हय?"

मी ओट्यावर लॅपटॉप उघडून, माझ्या संशोधनातलं ताऱ्याचं चित्र समोर घेऊन बसले होते. सुतकात कसलं काम, म्हणून शेवंतामावशी बोलल्या. पण मला रडू येत नव्हतं आणि रिकामं बसायची भीती वाटत होती. आबा शेजारी टेकले.

"ह्यो काय गं, पूनम?"

"फुटून मेलेला तारा. ह्यो भाईरचा त्याचा धुराळा. आत त्याचा गाभा ऱ्हातो, पल्सर. गरागरा फिरतो, वारं सोडतो. त्या वाऱ्यानं मधला ढग उजळतो."

"मंग गाभा मधी का न्हाई?"

"मी आधी मधीच धरलावता. दुर्बिणीच्या फोटुशी जुळंना. फुटताना त्याला धक्का बसतो, त्यो चालत ऱ्हातो. मंग धुराळ्याचा तडाखा उलटून आत येतो, ढगाला चेपतो. ढग मागं ऱ्हातो, गाभा फुडं जातो."

"मागचा उजेड?"

"लई काळ ऱ्हातो. मंग इझतो."

आबा पडद्याकडे बघत राहिले.

"खरं सांग पोरी. तिला दिवा सापडंल?"

खोटं बोलणं सोपं होतं. "म्हाईत न्हाई, आबा," मी म्हटलं. "पन ती जिथनं गेली, तिथं ठिवू."

मी दिव्याचं ताट उचललं. शेवंतामावशींनी तोंडाला पदर लावला. अंगणात ज्योत आडवी झाली. बिरदेव पुटपुटत मागे आला आणि आईचं घोंगडं आडवं धरून वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला.

जाळीपाशी ताट ठेवलं. दिवा तगला. कोकरू उठून आलं, आई दूध पाजायची त्या नेहमीच्या जागी बसलं.

आबा जमिनीवरच टेकले.

"भाकर आन," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला रडू आलं.